मेंदीचा केशरी, निळीचा काळा

आजची गोष्ट डोक्यावरच्या रंगाची आहे. नुसती मेंदी लावली की पांढरे केस केशरी दिसतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. तालुक्याच्या पार्लरमध्ये जाऊन केस सोनेरी करून आलेल्या मुलींचं दुखणं जरा वेगळं. महिनाभरात त्या केसांवर पितळेसारखी पिवळी झाक येते. आम्हांला विचाराल तर दोन्ही दुखण्यांचं मूळ एकाच जातीचं आहे आणि त्यावरचा उतारा फार जुना आहे. त्या उताऱ्याचं नाव नीळ.

मेंदीच्या पानातला रंग मुळातच तांबडा-केशरी असतो. तो केसाला घट्ट धरतो. काळ्या केसावर दिसत नाही, पांढऱ्यावर उठून दिसतो. पार्लरमध्ये उलटं घडतं. तिथे औषधाने केसाचा मूळ रंग काढतात. काळेपणा गेला की खालचा तांबडा दिसतो, मग केशरी, शेवटी पिवळा. वरून दिलेला रंग धुण्याने आणि उन्हाने उतरला की हीच खालची झाक पुन्हा डोकं वर काढते. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ती आणखी वाढते.

आता पांढरे कपडे आठवा. सदरा पिवळा पडला की आपण शेवटच्या पाण्यात नीळ घालतो. निळा रंग पिवळेपणा झाकतो. केसांचंही गणित तेच: केशरीवर निळा, पिवळ्यावर जांभळा. विलायतेतल्या म्हाताऱ्या बायका पांढऱ्या केसांचा पिवळेपणा घालवायला निळसर पाणी वापरायच्या, आणि आजचे जांभळे शाम्पू त्याच घराण्यातले. (कपड्यांची नीळ मात्र डोक्याला लावू नका. ती वेगळी वस्तू आहे.)

इराणात हे फार पूर्वीपासून माहीत होतं. तिथे आधी मेंदी लावायची, ती धुवायची आणि त्यावर निळीच्या जातीच्या पानांचा लेप द्यायचा. त्या लेपाला वस्मा म्हणत. केशरीवर निळा बसला की केस गडद तपकिरी, नाहीतर काळे होतात. आपल्याकडेही कलप लावणाऱ्यांना हे ठाऊक होतं.

गंमत अशी की निळीच्या हिरव्या पानात निळा रंग तयार नसतोच. पान पाण्यात भिजलं की त्यातून एक द्रव्य सुटतं, आणि त्याला हवा लागली की ते निळं होतं. म्हणून पानांची पावडर कालवली की पंधरा-वीस मिनिटांत लावून टाकायची. मेंदीसारखी रात्रभर ठेवली तर फुकट जाते. धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरू नका. एक-दोन दिवसांत रंग गडद होतो.

या निळीपायी शेतकऱ्यांनी काय सोसलं तेही सांगायला हवं. गोऱ्या मळेवाल्यांना ती कापडासाठी हवी होती. १८५९ मध्ये बंगालच्या रयतेने नीळ पेरायला नकार देऊन बंड केलं. बिहारात चंपारणमध्ये वीस कठ्ठ्यांमागे तीन कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती. तिच्याविरुद्ध १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले. पण शेतातल्या निळीचा भाव त्याआधीच पडला होता, कारण १८९७ पासून जर्मनीच्या कारखान्यातली नीळ बाजारात आली होती.

इथून गोष्टीला वळण लागतं. आपला ‘नील’ शब्द अरबांकडे गेला, तिथून युरोपात. १८२६ मध्ये एका जर्मन माणसाने निळीपासून एक द्रव्य काढलं, त्याला पुढे ‘अनिलिन’ नाव पडलं. मग तेच द्रव्य दगडी कोळशाच्या डांबरातून स्वस्तात निघू लागलं. त्याच कुळातलं एक रसायन म्हणजे पीपीडी. १८८३ मध्ये फ्रान्समध्ये त्याचं केसांच्या रंगासाठी पेटंट निघालं. हा रंग तासाभरात काळाभोर बसतो आणि केशरी झाक राहत नाही. बायकांना आणखी काय हवं होतं?

पण १९३३ च्या सुमारास अमेरिकेत पापण्यांना लावायच्या अशाच एका रंगाने बायकांचे डोळे गेले, एक तर दगावली. तिथे १९३८ मध्ये नवा कायदा झाला, तरी डांबरी कुळातल्या केसांच्या रंगांना त्यातून सूट मिळाली. अट एवढीच, की पाकिटावर धोक्याची सूचना आणि आधी चाचणी करण्याची पद्धत छापायची. आपण पाकिटावरचा जो बारीक मजकूर न वाचता फेकून देतो, त्यामागे त्या बायका आहेत.

आज गावच्या दुकानात ‘काळी मेंदी’ मिळते. सख्यांनो, मेंदी काळी नसते. तिच्यातल्या काळ्या रंगामागे बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणून पाकिटावर हे नाव शोधा. कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस वाट पाहा. खाज किंवा सूज आली तर तो रंग पुन्हा कधीही लावायचा नाही, कारण पुढच्या वेळी त्रास जास्त होतो. डोळे-तोंड सुजलं, श्वास जड झाला तर थेट दवाखाना. हा रंग पोटात गेला तर विष आहे; घसा सुजतो, मूत्रपिंड निकामी होतं. तेव्हा पाकीट पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका, आणि कोणाच्या पोटात गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका.

बचत गटाच्या बैठकीत आम्हांला विचारलं गेलं, मेंदी आणि निळीच्या पानांची पावडर एकत्र कालवली तर चालेल का? चालेल, पण तपकिरी रंग येईल. काळा हवा असेल तर आधी मेंदी, ती धुऊन मग नीळ, तासभर. नीळ घेताना पाकिटावर नुसती निळीच्या पानांची पावडर लिहिली आहे ना, ते बघा, आणि कानामागची चाचणी तिचीही करा.