घोड्याच्या पुढे चालणारा माणूस

बी.एड.च्या वर्षी आमची शैक्षणिक सहल माथेरानला गेली होती. शेंदूरजनाघाटहून निघालेली मी, आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसले ती दस्तुरी नाक्यावर. मोटारी तिथेच थांबतात. पुढे एक तर पायी चाला, नाही तर घोडा. त्या वेळी माणसांनी ओढायच्या हातरिक्षाही होत्या, पण माणसाच्या ओढीने चालणाऱ्या गाडीत बसायला माझा जीव झाला नाही. घोड्यावर बसले आणि दोन्ही हातांनी जीन घट्ट धरून डोळे मिटले. लगाम घोडेवाल्याच्या हातात. तो लाल मातीतून पायी चालत होता आणि मधूनमधून मागे वळून म्हणत होता, "बाजी, घाबरू नका, त्याला रस्ता पाठ आहे." त्याने घोड्याचे नाव सांगितले, बापाचाही हाच धंदा होता हे सांगितले. मी त्याचे नाव विचारले नाही. परत आल्यावर सहलीचा अहवाल लिहिला, त्यात शार्लोट तलाव होता, पॅनोरमा पॉइंट होता, घोडेवाला नव्हता.

आज वर्गात इतिहास शिकवताना हा अहवाल मला खटकतो. आपल्या पाठ्यपुस्तकांतही हेच होते. घोड्यावर बसलेल्याचे नाव, सन, लढाई, पुतळा. लगाम धरून पुढे चालणाऱ्याचे काही नाही.

माथेरानचेच पाहा. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट पायथ्याच्या चौक गावी मुक्कामाला होता. संध्याकाळी फिरता फिरता डोंगरावर चढला आणि जागेच्या प्रेमात पडला. दुसऱ्या दिवशी चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन वन ट्री हिलच्या बाजूने पुन्हा वर गेला. पुढे त्याने तिथे घर बांधले आणि 'मॅलेटने माथेरान शोधले' असे सगळीकडे छापले गेले. मॅलेटच्या नावाचा झरा माथेरानवर आहे. पाटलाच्या गावाच्या नावाने चौक पॉइंट आहे, त्याच्या स्वतःच्या नावाने नाही. ठाकूर-कातकरी ज्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या लाकूडफाटा, मध आणि औषधी मुळ्या गोळा करीत होते, तो डोंगर 'सापडला' म्हणजे काय, हे मला अजून नीट कळलेले नाही. (आमच्या चिखलदऱ्याबद्दलही एका कॅप्टन साहेबाने १८२३ मध्ये तो शोधला असेच सांगतात. गाविलगड तिथे त्याआधी काही शतके उभा होताच की!)

वसाहत झाली, बंगले झाले, आणि नेरळहून वर जायला पालखी, डोली व तट्टू हीच साधने होती. या चढणीवर रेल्वे घालण्याचे काम कोणी केले हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या बोहरा उद्योगपतीचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ मध्ये काम सुरू केले आणि १९०७ मध्ये दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी वर पोचली. नेरळ ते माथेरान हे सुमारे २१ किलोमीटरचे वळणावळणाचे अंतर, आणि खर्च १६ लाख रुपये. 'झुकझुक गाडी' म्हणून पोरे तिच्यात बसतात, फोटो काढतात. तिच्यामागचे नाव मुसलमान माणसाचे आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगायला हवे.

गाडी आली, तरी घोडा गेला नाही. गाडी बाजारपेठेपर्यंत नेते; पॉइंटांच्या पाऊलवाटा घोड्याच्याच राहिल्या. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले आणि रेल्वे दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिली, २०१९ मध्ये पुन्हा तेच झाले, तेव्हा माथेरानच्या चुली पेटत्या ठेवणाऱ्यांत घोडाही होता.

आता थोडे भाषेकडे वळते. उर्दू शिकवणाऱ्या बाईची ती खोडच आहे. लगाम, जीन, रिकीब, नाल, चाबूक, तबेला, खोगीर, पागा, सवार हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि असे रुजले की आज कुणाला परके वाटत नाहीत. मराठी घोडा खिंकाळतो मराठीत, पण त्याच्या अंगावरचे सामान आपल्या वर्गातल्या पोरांना आपोआप समजते. यांतले दोन शब्द मला विशेष वाटतात. ज्याचे घोडे आणि हत्यार स्वतःचे तो शिलेदार; 'सिलाह' म्हणजे हत्यार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. मूळ अर्थ ओझे घेणारा. मलिक अंबरच्या फौजेपासून मराठ्यांच्या फौजेपर्यंत हा फरक चालत आला. शिलेदाराचा मान मोठा, पण घोडा मेला तर तोही बुडाला. बारगिराला पगार कमी, पण घोड्याची जोखीम सरकारची. माथेरानच्या वाटेवर आजही हे दोघे भेटतात. कुणाचे स्वतःचे जनावर असते, कुणी दुसऱ्याच्या घोड्यामागे रोजंदारीवर चालतो. फक्त आता बारगीर घोड्यावर बसत नाही, बसवतो.

घोडा मुळात आपल्याकडे पिकणारे जनावर नव्हे. दख्खनच्या दमट किनाऱ्यावर चांगली पैदास होत नसे, म्हणून अरबस्तान-इराणातून गलबते भरभरून घोडे येत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाबद्दल लिहिले आहे की, त्याचा समुद्री चाच्यांशी करार होता : लुटीतला बाकी माल तुमचा, घोडे मात्र माझे. ज्या ठाण्याचा कलेक्टर साडेपाचशे वर्षांनी माथेरानवर चढला, तेच हे ठाणे.

हा झाला पूर्वेकडचा प्रवास. तोच घोडा पश्चिमेलाही गेला. उत्तर आफ्रिकेतून मुसलमान स्पेनमध्ये आले तेव्हा त्यांच्याबरोबर बार्ब जातीचे घोडे आले. स्पॅनिश भाषेत घोडेस्वाराला 'हिनेते' म्हणतात; हा शब्द झनाता या बर्बर टोळीच्या नावावरून पडला. याच स्पॅनिशांनी घोडे अमेरिकेत नेले आणि सतराव्या शतकात ते तिथल्या वाळवंटात नवाहो लोकांच्या हाती लागले. स्वतःला 'डिने' म्हणवणाऱ्या या जमातीने घोडा इतका आपलासा केला की त्यांच्या गाण्यांत आणि दुआ-विधींत तो आला.

त्यांच्यावर काय गुदरले ते आमच्या गावच्या माणसाने जरूर ऐकावे. १८६४ मध्ये अमेरिकी फौजेने त्यांची घरे, पिके आणि कॅन्यन द शे या दरीतली पीचची हजारो झाडे तोडली. शेंदूरजनाघाट हे संत्र्याचे गाव आहे. एक संत्र्याचे झाड फळावर यायला किती वर्षे पाणी घालावे लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या एका वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मग आठ हजारांहून अधिक माणसांना शेकडो मैल चालवत बोस्के रेदोंदो नावाच्या छावणीत नेले. चार वर्षांनी, १८६८ च्या तहाने, उरलेले लोक आपल्या मुलखात परतले. १९३० च्या दशकात पुन्हा सरकारने चराई जास्त होते म्हणून त्यांच्या मेंढ्या, बकऱ्या आणि घोडे मोठ्या संख्येने कमी करायला लावले. काही जनावरे जागच्या जागी मारली गेली.

आणि आज? १९५८ मध्ये नवाहोंनी मॉन्युमेंट व्हॅलीला स्वतःच्या जमातीचे उद्यान केले. तांबड्या दगडांचे ते प्रचंड सुळके सिनेमांत सगळ्यांनी पाहिलेले असतात. पाहुण्याला ठरलेला रस्ता सोडून आत जायचे असेल तर नवाहो वाटाड्या बरोबर घ्यावाच लागतो. कॅन्यन द शेच्या आतही तसेच आहे. घोडाही त्यांचा, वाटही त्यांची, आणि पीचच्या बागेची गोष्ट सांगायची की नाही हेही तेच ठरवतात. वाटाड्या असावा तर असा, असे मला वाटते. माथेरानचा घोडेवाला मात्र मॅलेटचीच गोष्ट सांगतो, कारण त्याला तीच ऐकवली गेली.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माथेरानला ई-रिक्षांची चाचणी घ्यायला परवानगी दिली. घोडेवाल्यांच्या संघटनांनी विरोध केला. साडेचारशेच्या वर परवान्याचे घोडे, त्यामागे तेवढी कुटुंबे; रोजीरोटीचा सवाल होता. ६ ऑगस्ट २०२५ ला न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्यायला सांगितले. त्या वेळी सरन्यायाधीश होते आमच्या अमरावतीचे भूषण गवई. माणसाने माणसाला ओढू नये, या निकालाने मला मनापासून बरे वाटले. घोडेवाल्याचे काय, या प्रश्नाने तितकेच वाईट वाटले. या दोन भावना एकमेकींना खोडत नाहीत. शाळेत जाणाऱ्या पोराला आणि आजारी म्हातारीला दस्तुरीपासून बाजारापर्यंत तीन किलोमीटर घोड्याचे भाडे रोज परवडत नाही, हेही खरेच आहे.

मी निवाडा करणारी कोण? माझे मरहूम दादा वरुड ते शेंदूरजना टांगा हाकत. रस्त्यावर ऑटोरिक्षा आल्या आणि दोन-तीन वर्षांत टांग्याचे गिऱ्हाईक गेले. अब्बा सांगतात, घोडी विकली त्या रात्री दादा जेवले नाहीत. पण पुढे अम्मीला बाळंतपणासाठी वरुडला रातोरात नेले ते ऑटोनेच, आणि ऑटो बोलावायला धावले तेही दादाच.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामच्या बैसरन कुरणावर २६ माणसे मारली गेली. त्यात महाराष्ट्राचे सहा पर्यटक होते. आणि एक सय्यद आदिल हुसेन शाह होता, तट्टूवाला, पाहुण्यांना वाचवायला पुढे गेला म्हणून मारला गेलेला. त्या आठवड्यात मी वर्गात फळ्यावर त्याचे नाव उर्दूत आणि मराठीत लिहिले. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, घोडेवाल्याचे नाव पेपरात यायला त्याला मरावेच लागते का?"

मला उत्तर सुचले नाही. मी त्यांना दादांच्या टांग्याची गोष्ट सांगितली. घोडीचे नाव रेशमा होते, आणि टांग्याचे दोन पितळी दिवे अजून आमच्या घरी माळ्यावर आहेत. पोरांनी लगेच विचारले, "दादांचे नाव काय होते?" या वेळी मला ते सांगता आले.