न पडणाऱ्या सायकलची जुनी गोष्ट

माणूस न बसता चालणारी आणि पडणारही नाही अशी सायकल म्हटली की आपल्याला वाटतं, ही आत्ताची कॉम्प्युटरची करामत. पण तिची गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाते, आणि तिच्यात आपल्या देशाचा पैसाही गेलेला आहे.

मूळ युक्ती भोवऱ्याची. फिरतोय तोवर भोवरा आरीवर उभा. गती संपली की लवंडला. जोरात फिरणारं जड चाक तिरकं करायला गेलं तर ते दाद देत नाही, उलट भलतीकडेच वळू बघतं. सायकलचं सुटं चाक आसाला दोन्ही हातांनी धरून फिरवलं आणि कलवून बघितलं, तर हाताला ती ओढ कळते. १८५२ साली फ्रान्सच्या लिऑं फुको यांनी असल्या चाकाने पृथ्वीचं फिरणं दाखवलं आणि त्या उपकरणाला जायरोस्कोप हे नाव दिलं.

पुढे लुई ब्रेनन यांनी या चाकांच्या जोरावर एकाच रुळावर उभी राहणारी गाडी बनवली. हिंदुस्थानच्या सरहद्दीवर स्वस्तात रेल्वे होईल या आशेने लंडनच्या इंडिया ऑफिसने पैसे दिले, काश्मीर दरबारनेही दिले. १० नोव्हेंबर १९०९ रोजी इंग्लंडात गिलिंगहॅमला ती गाडी माणसं घेऊन चालली. पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात चर्चिलसुद्धा तीत बसले. पण चाक बंद पडलं तर काय, ही भीती काही जाईना. शिवाय प्रत्येक डब्याला वेगळी चाकं, आणि ती सतत फिरती ठेवायची. आपल्याकडे ती गाडी आलीच नाही.

२००५ मध्ये जपानच्या मुराता कंपनीने सायकल चालवणारा बाहुला केला. अर्ध्या मीटरचा हा पोरगा थांबलेल्या सायकलवरही पडत नाही. छातीत फिरतं चाक आहे ना! सायकल किती कलली हे बारीक यंत्र सांगतं, आणि चाक लगेच उलटा रेटा देतं.

आता आपल्याकडचं बघा. कर्नाटक सरकार २००६-०७ पासून आठवीच्या मुलींना सायकली देऊ लागलं. दुबलगुंडीसारख्या गावांतल्या पोरींना जायरोस्कोप कुठे लागला? कललं तिकडे हँडल वळवायचं, तोल आपोआप सावरतो. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी चाकांचा भोवऱ्याचा गुण मुद्दाम मारून एक सायकल केली, तरी ढकलून दिल्यावर ती सरळ चालली. म्हणजे चालत्या सायकलला भोवरा लागतोच असं नाही. तो लागतो थांबताना, हळू जाताना. आणि बाजारात पडायला होतं ते तिथंच, की नाही?

म्हणून ही युक्ती खरी कोणाच्या कामाची? ज्याला झटकन पाय टेकवता येत नाही त्याच्या. खरगपूरच्या आयआयटीतल्या मुलांनी अपंगांसाठी स्वयंचलित सायकल केली आणि २०१७ मध्ये केपीआयटीच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं. तिला मात्र आधाराची लहान चाकं होती. मुंबईच्या लायगर कंपनीने २०२३ च्या ऑटो एक्स्पोत स्वतः तोल धरणारी स्कूटर दाखवली.

बायांनो, ब्रेननच्या गाडीला सरहद्दीच्या फौजेसाठी पैसा मिळाला होता. आता गुडघे धरलेल्या सासूबाईंना, एका पायाने अधू पोरीला परवडेल असं वाहन होईल का, हे विचारायला पाहिजे. नाहीतर ही करामतही प्रदर्शनातच राहील.