पूर वेळेवर येई, पण किती?

नाईल शिस्तीची म्हणून इजिप्तचे देव दयाळू. टायग्रिस-युफ्रेटिस लहरी म्हणून मेसोपोटेमियाचे देव कोपिष्ट. प्राचीन नदीखोऱ्यांतील धर्माविषयी हे समीकरण इतक्या वेळा मांडले जाते की ते तपासण्याची गरजच कोणाला वाटत नाही.

त्यातला मेसोपोटेमियाचा भाग बराचसा टिकतो. उत्तरेकडील पर्वतांवरचे बर्फ वितळून तेथे एप्रिल-मे महिन्यांत पूर येई, म्हणजे सातू कापणीला आलेला असताना. ज्या देशात उभे पीक वाहून जाण्याची भीती दरवर्षीची, तेथे माणसांच्या गोंगाटाने झोपमोड झाली म्हणून प्रलय धाडणारा एन्लिल कल्पिला जावा, यात नवल नाही.

इजिप्तचा भाग मात्र इतका सरळ नाही.

नाईलचा पूर इथिओपियाच्या पठारावरील उन्हाळी पावसाचा. जूनच्या अखेरीस अस्वानपाशी पाणी चढू लागे, सप्टेंबरात ते सर्वोच्च पातळी गाठी आणि ओसरताना शेतांवर काळा गाळ ठेवून जाई. त्या ओल्या गाळात पेरणी, वसंतात कापणी. वर्षाचे ऋतूही तीनच: आखेत म्हणजे पूर, पेरेत म्हणजे उगवण, शेमू म्हणजे सुगी. गाळाची भूमी ती ‘केमेत’, काळी. पलीकडचे वाळवंट ते ‘देशरेत’, तांबडे. व्याधाचा तारा सुमारे सत्तर दिवस अदृश्य राहून पहाटे पुन्हा पूर्वेला दिसू लागला की पुराची वर्दी मिळाली असे मानत.

ही सारी शिस्त वेळेची होती, मापाची नव्हती. पूर येणार हे ठाऊक असे. किती येणार हे कोणालाच ठाऊक नसे. एखाद-दोन हात पाणी कमी चढले तर उंचवट्यावरची शेते कोरडी राहत. तितकेच जास्त चढले तर बांध फुटत, धान्याची कोठारे भिजत. (मराठी वाचकाला ही अनिश्चितता परकी वाटू नये. नैऋत्य मोसमी पाऊस आणि इथिओपियातील पाऊस एकाच ऋतूचे आहेत आणि एल निनोच्या वर्षी दोन्हीकडे तो उणा पडण्याचा कल असतो.)

म्हणूनच इजिप्तच्या राज्याने अगदी आरंभापासून पाणी मोजले. पालेर्मो शिळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राजवार्षिकांच्या तुकड्यावर आरंभीच्या राजांच्या एकेका वर्षाचा चौकोन आहे. त्यात वर त्या वर्षीचा उत्सव, मूर्तिप्रतिष्ठा किंवा स्वारी, आणि तळाशी पुराची उंची, हात-तळवे-बोटे या मापांत. राजाच्या पराक्रमाच्या नोंदीखाली नदीची नोंद, ही मांडणी बोलकी आहे. पुढे रोमन काळात प्लिनीने याच उंचीची जणू पट्टीच दिली: बारा हातांना दुष्काळ, चौदाला समाधान, सोळाला आनंद. उपासमार आणि आनंद यांत अंतर चार हातांचे.

पुराचा देव हापी. देह पुरुषाचा, पण स्तन लोंबते आणि पोट सुटलेले. समृद्धीचे याहून उघड चित्र काढणे कठीण. मात्र रा किंवा आमूनसारखी भव्य मंदिरे त्याच्या वाट्याला आली नाहीत. कारण पुराची हमी हापीकडून नव्हे, राजाकडून अपेक्षित होती. ‘मात’ म्हणजे विश्वाचा समतोल, सत्य आणि न्याय. तो राखणे हे फारोचे काम. योग्य मापाचा पूर हा त्या समतोलाचा सर्वांना दिसणारा पुरावा ठरे. दयाळू देवांवरचा निर्धास्त विश्वास या व्यवस्थेत फारसा दिसत नाही. दिसते ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागणारी परीक्षा.

इ. स. पू. २२००च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतील पाऊस घटला, पूर उणे पडू लागले आणि जुने राज्य मोडले. केवळ पुरामुळेच मोडले असे म्हणता येत नाही. प्रांताधिकारी आधीच प्रबळ झाले होते. पण त्यानंतर काय घडले ते पाहण्यासारखे आहे. लक्सरच्या दक्षिणेस मोआल्ला येथे अंखतिफी नावाच्या प्रांताधिकाऱ्याची कबर आहे. तिच्या भिंतींवर तो सांगतो की सारा दक्षिण देश भुकेने मरत होता, लोक पोटची मुले खात होते, आणि आपल्या प्रांतात मात्र आपण एकालाही उपाशी मरू दिले नाही. यात अतिशयोक्ती असणार. दुष्काळ जितका भीषण, तितका अन्नदाता थोर. तरीही भुकेल्याला भाकरी देण्याचे श्रेय येथे राजाला नाही, स्थानिक सरदाराला आहे. राजाचा उल्लेख त्या भिंतींवर जेमतेम एकदा येतो.

ही आठवण पुसली गेली नाही, उलट कामाला आली. अस्वानजवळच्या सेहेल बेटावरील दुष्काळ-शिलालेख टॉलेमींच्या काळातला, पण कथा सांगतो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या झोसर राजाची. सात वर्षे पूर येत नाही. मग पुराचे दरवाजे ज्याच्या हाती तो ख्नूम देव राजाच्या स्वप्नात येतो आणि पाणी सोडण्याचे वचन देतो. कृतज्ञ राजा त्या भागातील उत्पन्नाचा हिस्सा ख्नूमच्या मंदिराला कायमचा लावून देतो. लेख बहुधा त्याच मंदिराच्या पुजाऱ्यांनी कोरवला असावा, आणि त्यातील सर्वांत काटेकोर भाग देवाच्या स्तुतीचा नाही. कोळी, पारधी, शेतकरी आणि खाणकामगार यांनी मंदिराला काय द्यायचे, त्या यादीचा आहे.