पाटीवरचे नाव

डिसेंबर १९४९. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनबाहेरच्या पाटीवर त्या दिवशीचा बास्केटबॉल सामना झळकला होता: जॉर्ज मायकन विरुद्ध निक्स. मायकनच्या संघाचे, म्हणजे मिनिआपोलिस लेकर्सचे, नाव त्या पाटीवर कुठेच नव्हते. मायकन सामन्याची तयारी करू लागला, तर सहकारी कपडे न बदलता तसेच बसून राहिले. पाटीवर तुझेच नाव आहे, तर तूच जा खेळायला, अशी त्यांची थट्टा. बालगंधर्वांच्या नावावर नाट्यगृहे भरल्याच्या गोष्टी ऐकलेल्या मराठी वाचकाला हे नवे वाटणार नाही. पण बास्केटबॉलच्या बाबतीत ते विपरीत होते, आणि का, हे पाहायला आपल्याला आणखी मागे जायला हवे.

१८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथने पीचच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. त्यातला तिसरा आज विसरला गेला आहे: चेंडू घेऊन पळायचे नाही, जिथे झेलला तिथूनच फेकायचा. चेंडू आपटत पुढे नेण्याची युक्ती नंतरची. म्हणजे मुळात हा खेळ एकट्याने खेळताच येऊ नये असा रचलेला होता. पुढे १९४६मध्ये, पुढल्या एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल संघटनेची, पूर्वज असलेली संघटना स्थापन झाली ती मोठ्या क्रीडागृहांच्या मालकांच्या पुढाकाराने. आइस हॉकी नसेल त्या रात्री त्यांना खुर्च्या भरायच्या होत्या, आणि खुर्च्या मायकनसारख्यांच्या नावावर भरत. त्याच मायकनला चेंडू मिळू नये म्हणून नोव्हेंबर १९५०मध्ये फोर्ट वेन पिस्टन्स चेंडू नुसता धरून उभे राहिले आणि सामना १९-१८ असा जिंकले. प्रेक्षक अर्थातच वैतागले. १९५४मध्ये सिरॅक्यूज संघाचा मालक डॅनी बियासोनने चोवीस सेकंदांच्या घड्याळाचा आग्रह धरला आणि खेळ वाचला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वात मोठी सुधारणा, आणि ती नावाची नव्हे, खेळाची होती.

त्यानंतरची तीसेक वर्षे आपण भरभर ओलांडू. बिल रसेलच्या बोस्टन सेल्टिक्सने तेरा हंगामांत अकरा विजेतेपदे मिळवली, तरी घरचे बोस्टन गार्डन रोज भरत नसे. विल्ट चेंबरलेनने १९६२मध्ये एका सामन्यात शंभर गुण केले, तेव्हा प्रेक्षक होते ४,१२४ आणि टीव्हीचा कॅमेरा एकही नव्हता. १९८०च्या अंतिम मालिकेतला निर्णायक सामनासुद्धा अमेरिकेच्या बऱ्याच भागांत रात्री उशिरा, चित्रमुद्रित स्वरूपात दाखवला गेला. १९८४च्या फेब्रुवारीत डेव्हिड स्टर्न एनबीएचे आयुक्त झाले, त्याच वर्षी मायकेल जॉर्डन शिकागो बुल्सकडे आला आणि पुढल्या वर्षी त्याच्या नावाचे बूट दुकानांत आले. २० एप्रिल १९८६ रोजी जॉर्डनने बोस्टनमध्ये ६३ गुण केले. सामना मात्र सेल्टिक्सने १३५-१३१ असा जिंकला, मालिका ३-० अशी घेतली, आणि पुढे विजेतेपदही. त्या सेल्टिक्स संघाची गणना आजही सर्वोत्तमांत होते. पण त्या रात्रीचा म्हणून लोकांच्या लक्षात राहिला तो ६३चा आकडा.

इथून आपण थेट २९ नोव्हेंबर २०१२च्या मायामीत येतो. सॅन अँटोनिओ स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि ग्रीन या चार प्रमुख खेळाडूंना विश्रांतीसाठी घरी धाडले. उरलेल्यांनी गतविजेत्या मायामी हीटला शेवटच्या मिनिटापर्यंत झुंजवले आणि ते १०५-१०० असे हरले. सामना रंगला होता, यात वाद नाही. तरीही स्टर्न यांनी स्पर्सना अडीच लाख डॉलर दंड केला, कारण देशभर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यात ठरलेले चेहरे दिसले नाहीत. मोठ्या नावांशिवायही सामना रंगतो, हे आपल्याकडेही दिसले. ऑक्टोबर २०१९मध्ये मुंबईत वरळीला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले. आपल्याकडे पोचलेले मोठे नाव दोहोंत एकही नव्हते. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सनी १३२-१३१ असा जिंकला.

नेस्मिथच्या तेरा नियमांत कुणा खेळाडूला वेगळे स्थान नव्हते. २०२३मध्ये एनबीएने केलेल्या नियमात ‘स्टार’ची व्याख्याच आहे: गेल्या तीन हंगामांत ऑल-स्टार किंवा ऑल-एनबीए संघात निवडला गेलेला खेळाडू. असे दोन खेळाडू एकाच सामन्यात सबळ कारणाशिवाय बसवता येत नाहीत. पहिल्या भंगाला दंड एक लाख डॉलर.