मुख्यालयाचा हुकूम : टीएसएच तपासणीचा इतिहास

आज लढाई नाही, किल्लाही नाही. आजचा विषय आहे एक कागद. इंदूर असो, बडोदा असो की बंगळूर, तो बऱ्याच घरांत औषधांच्या डब्याशेजारी सापडतो : थायरॉइडचा रिपोर्ट. त्यात टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला की लोक म्हणतात, "थायरॉइड जास्त काम करतोय." खरे बहुतेक वेळा नेमके उलटे असते.

फौजी भाषेत सांगतो. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी ही तुकडी. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी हे तिचे मुख्यालय. टी४ आणि टी३ ही तुकडीची कामगिरी, तर टीएसएच हा मुख्यालयाचा हुकूम. तुकडी ढिली पडली की वरून हुकमावर हुकूम सुटतात, म्हणून टीएसएच वाढते. तुकडी गरजेपेक्षा जास्त राबू लागली की हुकूम जवळजवळ बंद होतात.

गंमत अशी, की या आजारावरचा उपाय आधी सापडला आणि मोजमाप फार उशिरा. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईला बरे केले. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे काढले. पण औषध कोणाला द्यायचे, किती द्यायचे? डॉक्टर सुजलेला चेहरा, मंद नाडी, कोरडी त्वचा पाहत. रुग्णाला उपाशीपोटी निश्चल झोपवून तो किती प्राणवायू वापरतो, हे यंत्राने मोजत. त्यात चूक होण्यास भरपूर वाव होता. थकलेली, सुजलेली बाई आळशी ठरायची आणि तिच्या बाजूने बोलणारा आकडाच नसायचा.

अडचण प्रमाणाची होती. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात टीएसएच एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी असते. ते मोजायचे कसे?

वाट सापडली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात. रोझलिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ. झाडूवाल्याच्या सामानाच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा थाटली. १९५० मध्ये डॉक्टर सॉलोमन बर्सन त्यांना येऊन मिळाले. किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले इन्सुलिन टोचल्यावर त्यांना दिसले, की आधीपासून इन्सुलिन घेणाऱ्यांच्या रक्तात ते जास्त वेळ टिकते. म्हणजे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. तेव्हाच्या जाणकारांना हे पटेना. १९५५ मध्ये निबंध परत आला. पुढच्या वर्षी तो छापला गेला, पण शीर्षकातून 'प्रतिपिंड' हा शब्द काढल्यावरच. नकाराचे ते पत्र यॅलोंनी जपून ठेवले आणि नोबेल व्याख्यानात सर्वांना दाखवले.

त्याच निरीक्षणातून मोजण्याची पद्धत निघाली. प्रतिपिंडे म्हणजे मोजक्या खुर्च्या समजा. त्यांवर बसायला किरणोत्सर्गी खूण केलेले हार्मोन ठरावीक प्रमाणात सोडायचे आणि सोबत रुग्णाचे रक्त मिसळायचे. रुग्णाचे हार्मोन जितके जास्त, तितके खूणवाले कमी बसणार. खुर्च्यांवरचा किरणोत्सर्ग मोजला की उत्तर मिळते. दोघांनी या पद्धतीचे पेटंट घेतले नाही. बर्सन १९७२ मध्ये वारले, यॅलोंना १९७७ चे नोबेल मिळाले.

१९६५ च्या सुमारास याच पद्धतीने टीएसएच मोजता येऊ लागले. आपल्याकडे मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने आणि भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी हे तंत्र रुजवले. या तपासणीची किट देशातच तयार होऊ लागली.

सर्वांत मोठा विजय मात्र बाळांच्या बाबतीत झाला. जन्मतःच थायरॉइड कमी असलेले मूल बहुधा निरोगीच दिसते. लक्षणे दिसेपर्यंत मेंदूचे नुकसान होऊन गेलेले असते, ते भरून येत नाही. १९७० च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झाँ द्युसो यांनी टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर सुकवून त्यात थायरॉइडचे हार्मोन मोजले. जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर असे मूल इतरांसारखेच वाढते. भारतात साधारण हजारात एक बाळ असे जन्मते, आणि ही तपासणी सगळीकडे आपोआप होतेच असे नाही. म्हणून घरी पाळणा हलणार असेल तर रुग्णालयात स्वतःहून विचारा.

आज लॅबमध्ये किरणोत्सर्गाऐवजी बहुतेक ठिकाणी प्रकाशाच्या खुणेवर मोजतात, पण आधार प्रतिपिंडांचाच. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा. प्रौढांत टीएसएच साधारण ०.४ ते ४ असावे, पण लॅबनुसार मर्यादा थोडी बदलते. रिपोर्टवर छापलेली मर्यादा पाहा आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. गरोदरपणाचे आकडे वेगळे असतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, काही यंत्रांना त्या चकवतात. आणि क्वचित मुख्यालयच आजारी असते. तेव्हा हुकूम पाहून तुकडीची हालत कळत नाही, टी४ पाहावे लागते.

आकडा हाती आला म्हणून गोळी स्वतः कमी-जास्त करू नका. तो निर्णय डॉक्टरांचा. पण घरात कोणी सतत थकत असेल, वजन विनाकारण वाढत असेल, थंडी सोसत नसेल, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी एकदा रक्त तपासा. तो आकडा मिळवायला माणसांनी अर्धे शतकाहून अधिक काळ घालवला आहे. जय हिंद.