मेमी स्मिथ : ब्लूजची पहिली रेकॉर्ड गाणारी कृष्णवर्णीय गायिका

मेमी स्मिथ (१८९१–१९४६) या आफ्रिकी-अमेरिकी गायिका, नर्तिका व अभिनेत्री होत्या. ब्लूज गीत ध्वनिमुद्रित करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका म्हणून त्या ओळखल्या जातात. काही ठिकाणी त्यांना सरळ ‘रेकॉर्डवर आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत’ म्हटले जाते, ते बरोबर नाही. जॉर्ज जॉन्सन, बर्ट विल्यम्स यांचे आवाज त्याआधीच रेकॉर्डवर आले होते.

मेमी यांचा जन्म ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरातला. लहानपणीच त्या व्हॉडव्हिलमध्ये, म्हणजे नाच, गाणी आणि नकलांच्या फिरत्या खेळांत उतरल्या. १९१३ च्या सुमारास त्या न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आल्या आणि क्लबांमध्ये गाऊ लागल्या. (त्याच वर्षी बाबासाहेब हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले.)

कृष्णवर्णीय लोक रेकॉर्ड विकत घेणार नाहीत, असे रेकॉर्ड कंपन्या गृहीत धरून होत्या. पेरी ब्रॅडफर्ड हा कृष्णवर्णीय गीतकार मात्र आपली गाणी घेऊन त्यांचे उंबरठे झिजवत राहिला. ओके कंपनीचे फ्रेड हॅगर अखेर तयार झाले. कृष्णवर्णीय गायिकेला घेतले तर मालावर बहिष्कार घालू, अशा धमक्या त्यांना आल्याचे ब्रॅडफर्डने आत्मचरित्रात नोंदवले आहे. हॅगर यांच्या मनात आधी सोफी टकर ही गोरी गायिका होती. ते जमले नाही म्हणून फेब्रुवारी १९२० मध्ये मेमींना संधी मिळाली. साथीला वाद्यवृंद गोऱ्यांचाच होता.

ती रेकॉर्ड खपली. १० ऑगस्ट १९२० रोजी मेमी पुन्हा स्टुडिओत गेल्या, आता कृष्णवर्णीय वादकांसह, आणि ‘क्रेझी ब्लूज’ मुद्रित झाले. पहिल्याच महिन्यात ७५,००० प्रती विकल्या गेल्याचे सांगितले जाते. रेल्वेतील कृष्णवर्णीय पोर्टर गठ्ठ्याने रेकॉर्ड घेत आणि दक्षिणेतील खेड्यापाड्यांत विकत. ज्यांना कंपन्यांनी ग्राहकच मानले नव्हते, त्यांनीच हा धंदा उभा केला.

मग सगळ्याच कंपन्या कृष्णवर्णीय गायिका शोधू लागल्या. मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्या रेकॉर्ड १९२३ पासून आल्या. पण हा माल ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून वेगळ्या यादीत विकला जाई. पैसे चालत होते, पंगत मात्र वेगळी.

मेमी यांनी पुढे काही चित्रपटांतही काम केले. १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. स्टेटन आयलंडवर, गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाच्या दफनभूमीत त्यांना पुरले. त्या जागेवर सहा दशकांहून अधिक काळ नावाचा दगडही नव्हता. अलीकडच्या काळात चाहत्यांनी वर्गणी काढून तो बसवला.