पाठलाग
पाठलाग : (१९६४). राजा परांजपे दिग्दर्शित कृष्णधवल मराठी रहस्यपट. जयंत देवकुळे ह्यांच्या ‘आशा परत येते’ ह्या कादंबरीवर आधारलेल्या ह्या चित्रपटाचा नायक व्यवसायाने वकील असून, जिचे मरण त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले त्या पत्नीशी हुबेहूब साम्य असलेली एक स्त्री आरोपी म्हणून अदालतीपुढे हजर होते आणि ‘मीच ती’ असा दावा करून, केवळ पतिपत्नींनाच ठाऊक असाव्यात अशा खासगी गोष्टी भर जबानीत सांगू लागते, तेव्हा रहस्याचा उलगडा हेरावर न सोपविता उलटतपासणीवर सोपविण्याची लेखकाची युक्ती विशेष परिणामकारक ठरते. रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाड ह्या नायकांच्या कथांवर पोसलेल्या वाचकाला पिस्तुलावाचूनही श्वास रोखून बसविता येते, हे येथे दिसले. काशिनाथ घाणेकरांचा नायक काहीसा भडक खरा. परंतु भावना ह्यांची दुहेरी भूमिका संयत आहे. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि दत्ता डावजेकरांचे संगीत हे येथे निव्वळ अलंकार नव्हेत, कारण त्यांतील एक विरहगीत गूढाचाच धागा होऊन राहते. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘पाठलाग’ला लाभला. त्यावरून तमिळमध्ये ‘इदय कमलम्’ (१९६५) व हिंदीत राज खोसला ह्यांचा, साधना आणि सुनील दत्त ह्यांच्या भूमिका असलेला ‘मेरा साया’ (१९६६) निघाला. ‘मेरा साया’ला रंग व उदयपूरचा राजेशाही परिसर लाभला, तरी मूळ कृतीची काटकसर कथेस अधिक मानवते.